कूप आम्ही तोडायचा, फळी दुसऱ्यानं कापायची?



बोरिवली, मुलुंडच्या पाड्यांवरनं सरपणाची मोळी घेऊन बाई उतरली की तिला अडवतात. जव्हारकडच्या सागाचा ट्रक मात्र पास दाखवून उपनगरातल्या वखारीत शिरतो. तो साग तोडला कोणी? आपल्याच भाऊबंदांनी.

१९४५ साली वारल्यांनी वेठबिगार मोडली. १९४६ला संप करून जंगलकामाची मजुरी वाढवून घेतली. १९४७पासून बाळासाहेब खेरांच्या सरकारनं जंगल कामगार सोसायट्या काढल्या, ठेकेदाराऐवजी कूप सोसायटीला मिळू लागला. हे लढ्यानं मिळालं. पण करार तोडणीपाशीच थांबला. आपण तोडायचं, वाहायचं, डेपोत थप्पी लावायची. लिलावात व्यापारी ओंडका उचलतो. मग फळी, चौकट, छाट, भुसा, सगळ्याचा पैसा गिरणीवाल्याचा.

म्हणून आमचं म्हणणं असं: तोडणीचा करार करण्याआधी ग्रामसभेला विचारा, आणि तोडणीच्या गावाजवळ आरागिरणीचा परवाना सोसायटीला द्या. ओंडका गावात कापला तर पोरांना मुंबईच्या नाक्यावर कामासाठी उभं राहावं लागणार नाही.

पण गिरणीचं पोट मोठं असतं, तिला रोज लाकूड लागतं. म्हणून किती झाडं तोडायची ते गिरणीनं नाही, गावानं ठरवायचं. पाणवठ्यावरची, मोहाची, देवाची झाडं सोडायची. नाहीतर ठेकेदार गेला आणि आपणच ठेकेदार झालो, असं होईल. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तर तोडच नको. तिथं आपली मागणी घराची, वाडीची आणि सरपणाची.

प्रत्येक पाड्यानं यावर बसून बोलावं, बायांनाही बोलवावं आणि ठराव लिहून पुढच्या बैठकीला आणावा.