मावा आणि त्याचे राखणदार
जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या की बरेच जण आधी खताचा डबा काढतात. त्यापेक्षा शेंड्याचं कोवळं पान उलटून पाहावं. मागे दाटीवाटीनं बसलेले हिरवे-काळे ठिपके दिसले, तर तो मावा. सोंड रुतवून रस ओढत बसलेला. युरिया देताना हात सैल सुटला की फूट लुसलुशीत येते, मग मावाही जोरात. त्याची मादी नराविना थेट जिवंत पिल्लं घालते, म्हणून बघता बघता फांदी भरते. खरी गंमत मुंग्यांची. मावा टाकतो तो गोड चिकटा चाटायला त्या येतात आणि गवळ्यानं म्हशी राखाव्यात तशी या कळपाची राखण करतात, मावा खाणाऱ्या ढालकिड्यांनाही हुसकावतात. तेव्हा आधी मुंग्यांची वाट तोडा. मग पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. निम्मं काम फुकटात होतं. तेवढ्यानं भागलं नाही, तर 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यानं गाळून, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावी. तंबाखूचा काढा कुणीतरी सुचवतंच. घरच्या बागेत तो जहाल प्रकार मला नको वाटतो. आणि माव्याच्या गर्दीत काळसर अंगाची, नारिंगी ठिपक्यांची खरबरीत अळी फिरताना दिसली, तर चिमटीत चिरडू नका. ती ढालकिड्याची अळी, मावा खाऊनच वाढते.