वेग हवा आहे? मग आधी पाण्याचा विरोध कमी करा!

पोहण्याच्या स्पर्धेत मुलाची वेळ सुधारत नसली की पालक विचारतात, "डॉक्टर, ताकदीसाठी काय देऊ? प्रोटीन पावडर सुरू करू का?" माझे स्पष्ट मत असे की ताकदीचा विचार नंतर करावा. आधी पाणी मुलाला कुठे अडवते आहे ते पाहा.

पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते. शिवाय वेग वाढला की पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग १० टक्के वाढवायचा तर विरोध सुमारे २१ टक्के वाढतो आणि स्नायूंना दर सेकंदाला सुमारे ३३ टक्के जास्त शक्ती लावावी लागते. नुसत्या ताकदीने हे गणित सुटत नाही.

हा विरोध तीन प्रकारचा असतो: शरीराच्या आकारामुळे होणारा, पृष्ठभागावर उठणाऱ्या लाटांमुळे होणारा आणि त्वचेशी होणाऱ्या घर्षणाचा. फुप्फुसांत हवा असल्याने छाती तरंगते, पाय जड असल्याने बुडतात. त्यात श्वास घेताना डोके वर उचलले की कंबर आणखी खाली जाते आणि शरीर पाण्याला आडवे येते. पाण्याखाली लाटांचा विरोध कमी असतो, म्हणूनच अव्वल जलतरणपटू भिंतीला ढकलून निघाल्यावर काही अंतर पाण्याखालूनच जातात. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये त्याला १५ मीटरची मर्यादा आहे.

विरोधाचे महत्त्व किती, हे २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत दिसले. विरोध कमी करणाऱ्या पॉलियुरेथेनच्या पोशाखांच्या त्या काळात एकाच स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. २०१० पासून असे पोशाख बंद झाले. ते योग्यच झाले, असे मला वाटते. पोशाख विकत मिळतो, शरीराची ठेवण मात्र सरावानेच येते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, विरोध हा केवळ शत्रू नाही. तळहाताने पाणी मागे रेटता येते ते त्याच्यामुळेच. म्हणून शरीराला विरोध कमी आणि हाताला पुरेसा, हे पोहण्याचे खरे कौशल्य.

डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती खांद्याची. ठेवण चुकलेली असताना हाताला मोठे पॅडल लावून जोर वाढवला, तर खांद्याच्या स्नायूबंधांवर ताण येतो आणि तो हात सरावात हजारो वेळा फिरतो. यातूनच 'स्विमर्स शोल्डर' हे दुखणे उद्भवू शकते. वेदनाशामक गोळी देऊन मुलाला पाण्यात उतरवू नका. खांदा दुखत असेल तर सराव थांबवून तपासून घ्या.

घरच्या घरी करता येईल अशी एक नोंद सुचवतो. २५ मीटरला किती हात मारले आणि किती सेकंद लागले, दोन्ही लिहून ठेवा. वेळ तीच राहून हात कमी झाले, तर तुमचे मूल पाण्याशी भांडणे सोडून पोहायला शिकते आहे, असे समजा.