हात आवणीला, मीटर सातबाऱ्याला

परवा शेजारच्या खाचरात चारसूत्री भाताची आवणी चालू होती. पोराने मोबाईलवर बघून सांगितलं, "दोन चुडांत 15 सेंटीमीटर, मग 25, मग परत 15." बाया हसल्या. "म्हणजे किती रे?" मग मीच हात दाखवला. अंगठा आणि शेजारचं बोट ताणलं की 15. वीत आणि वर बोटभर म्हणजे 25. युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध, चार बोटं खोल. संध्याकाळपर्यंत खाचर सरळ ओळीत लागलं.

आपली जुनी मापं अशीच अंगातून आणि धान्यातून आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 8 जव म्हणजे 1 अंगुळ, 24 अंगुळांचा 1 हात. तिकडे इंग्रजांचा इंचसुद्धा जवाचे 3 दाणे ओळीत ठेवूनच ठरला. शेतकऱ्याचं माप सगळीकडे शेतातच जन्मलं. म्हणून माझं मत आहे की कृषी विभागाच्या पत्रकात सेंटीमीटरच्या जोडीला वीत-बोटही छापावं. खाचरात चिखलाच्या हाताने टेप कोण धरतो?

पण एक धोका आहे. हात कुणाचा? माझा वेगळा, तुमचा वेगळा. आवणीत बोटभर चुकलं तर चालतं, सारा ठरवताना चालत नाही. म्हणून शिवकाळात जमीन मोजायला 5 हात 5 मुठींची काठी ठरवून दिली. 20 काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा. पुढे इंग्रजांच्या मोजणीत 33 फुटांची साखळी आली, तिचे 16 आणे. साखळी बाय साखळी म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. चिकूवाल्यांनो, आपण 10 मीटरवर झाड लावतो ना? ती जवळजवळ तीच साखळी. गुंठ्याला एक झाड, एकराला 40.

1 ऑक्टोबर 1958 पासून देशात मेट्रिक मापं लागू व्हायला लागली. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर आहे, तोंडात मात्र गुंठाच. खरी गोम इथे आहे. बोईसर-तारापूर पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव, आणि व्यवहारात सर्रास ऐकू येतं, "आर आणि गुंठा एकच हो!" एकच नाही. आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1076 चौरस फूट. गुंठा त्याहून सुमारे साडेबारा फूट मोठा. सातबाऱ्यावर 0-40-00 बघून कुणी एकराचे पैसे मोजले, तर सुमारे 504 चौरस फूट जागा हवेत गेली. अर्ध्या गुंठ्याला थोडीच कमी. उलट एकर विकताना 40 आर लिहून दिले, तर तेवढीच जागा कागदाबाहेर राहिली, आणि पुढे बांधावरचं भांडण पोरांच्या वाट्याला.

तेव्हा आवणीला, बीला, गोळीला वीत-बोट बिनधास्त वापरा, पोरांनाही शिकवा. पण सही करायच्या आधी चौरस मीटर विचारा, आणि गुंठ्याचा हिशोब कागदावर स्वतः करा. 1 गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर. एवढा एक आकडा घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

तुमच्याकडे अजून कुठली मापं चालतात? खाली लिहा.