आधी हिस्से, मग सौदा

ध्यानीमनी नसताना वारसा हाती आला की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘आपल्याकडे वारसाकर नाही’ आणि ‘नॉमिनी आहे ना, मग काय राहिलं?’ पहिलं अर्धंच खरं. इस्टेट ड्यूटी १९८५मध्ये रद्द झाली आणि वारशात मिळालेली मालमत्ता उत्पन्नात धरत नाहीत; पण कर विक्रीच्या दारात उभा असतो. समजा, म्हैसूरलगतच्या बोगादीत आईनं १९९५मध्ये घेतलेली साइट (भूखंड) मुलांकडे आली. २००१मधलं तिचं सरकारी मूल्य दीड लाख, आजचा भाव ९० लाख. अमेरिकेत साधारणपणे मृत्युदिनाचं मूल्य हीच वारसाची खरेदीकिंमत मानतात आणि तिथं स्थायिक झालेलं भावंड तोच हिशेब इथं लावतं. आपला कायदा मात्र आईच्या खरेदीकडे जातो. ती इतकी जुनी असेल तर १ एप्रिल २००१चं मूल्य घेता येतं. नफा झाला साडेअठ्ठ्याऐंशी लाख. साडेबारा टक्क्यांनी कर अकरा लाखांच्या वर, अधिभार-उपकर वेगळे.

दुसरं वाक्य तर साफ चूक. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून उद्भवलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर २०२३ रोजी स्पष्ट केलं की, शेअर-म्युच्युअल फंडांचा नॉमिनी त्यांचा मालक होत नाही, मालकी मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानं ठरते. मुलींचा हक्क २००५मध्ये आला, हाही असाच गैरसमज. ती दुरुस्ती मुख्यतः एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबाबत होती; आईच्या स्वतःच्या मिळकतीत मृत्युपत्र नसेल तर हिंदू मुलीचा वाटा १९५६पासून मुलाइतकाच आहे.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, सगळं थोरल्याच्या नावावर करू, विकू, पैसे वाटून घेऊ. वकील आणला की नाती तुटतात, आणि मालमत्तेच्या नोंदीतला खाता बदलेपर्यंत गिऱ्हाईकही जाईल. गिऱ्हाईक जाईल हे खरं. पण बाकीच्यांनी हक्क सोडल्यावर विक्री झाली, तर सगळा नफा थोरल्याच्याच माथी बसतो, आणि घर किंवा रोखे घेऊन कर वाचवण्याची सवलतही एकट्यालाच उरते. हिस्से आधी ठरले तर ज्याचा नफा त्याचा कर, ज्याची त्याची सवलत. नात्यांचं म्हणाल तर ती कागदानं क्वचितच बिघडतात. बिघडतात ती ‘मला काय वाटून मिळणार होतं’ हे नंतर कळल्यानं. बहिणीला वाटा खरोखरच नको असेल तर तिनं हक्कसोडपत्र जरूर द्यावं, फक्त सही करण्याआधी साइटचा भाव आणि आपल्या वाट्याचा आकडा तिला ठाऊक असावा.