फ्रेडी मर्क्युरीच्या पिक्चरमध्ये खरं किती? आधी गाणी कुणाची ते बघा

१३ जुलै १९८५. लंडनचं वेम्बली स्टेडियम. 'लाइव्ह एड'च्या स्टेजवर पांढऱ्या बनियनमधला फ्रेडी मर्क्युरी येतो आणि पुढची वीसेक मिनिटं अख्खं स्टेडियम त्याच्या तालावर टाळ्या वाजवतं.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' बघताना याच सीनला अनेकांचे डोळे भरून आले. कारण थोडं आधी फ्रेडीने बँडला सांगितलेलं असतं की आपल्याला एड्स झालाय. म्हणजे मरण समोर दिसत असताना हा माणूस गातोय.

गडबड एवढीच आहे की हे असं घडलंच नव्हतं.

पिक्चरने काय काय बदललं?

फ्रेडीचा जोडीदार जिम हटन याने लिहून ठेवल्याप्रमाणे आजाराचं निदान १९८७ मध्ये झालं. लाइव्ह एडनंतर जवळपास दोन वर्षांनी.

पिक्चरमध्ये फ्रेडी सोलो अल्बमसाठी 'क्वीन' सोडतो, बँड फुटतो आणि लाइव्ह एडसाठी सगळे पुन्हा एकत्र येतात. प्रत्यक्षात बँड फुटलाच नव्हता. १९८४ मध्ये त्यांचा अल्बम आला, जानेवारी १९८५ मध्ये ते 'रॉक इन रिओ'मध्ये वाजवत होते आणि मे १९८५ पर्यंत टूर चालू होती. सोलो अल्बम काढणारा फ्रेडी पहिलाही नव्हता. ड्रमर रॉजर टेलरचा सोलो अल्बम १९८१ मध्येच आला होता.

आता तुम्ही म्हणाल, पिक्चर आहे, थोडं इकडचं तिकडे चालतंच. बरोबर. गाण्यांची सालं मागेपुढे झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. पण इथे क्रम बदलल्यामुळे गोष्टीचा अर्थच बदलतो. फ्रेडी बँड सोडतो, वाईट संगतीत पडतो, आजारी होतो आणि मग परत येऊन माफी मागतो. एका आजाराची जणू शिक्षा होते. एड्सच्या रुग्णांकडे 'स्वतःच्या कर्माची फळं' म्हणून बघणाऱ्या समाजात ही साधी चूक नाही.

मग असं का केलं?

इथे गाण्यांच्या हक्कांचा विषय येतो. प्रसिद्ध माणसाच्या आयुष्यावर पिक्चर काढायला अमेरिका-ब्रिटनमध्ये सहसा परवानगी लागत नाही. जगजाहीर घटना कुणाच्या मालकीच्या नसतात. गाणी मात्र असतात. एक हक्क गाणं लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या प्रकाशकाचा, दुसरा रेकॉर्डिंगच्या मालकाचा. मूळ आवाजातलं गाणं पडद्यावर वाजवायचं तर दोघांचाही होकार लागतो.

होकार नाही मिळाला तर? जिमी हेंड्रिक्सवरचा २०१३ चा पिक्चर त्याने लिहिलेल्या गाण्यांशिवाय काढावा लागला. डेव्हिड बोवीवरच्या 'स्टारडस्ट'ला त्याच्या कुटुंबाने परवानगी दिली नाही, त्यामुळे बोवीच्या पिक्चरमध्ये बोवीची गाणीच नव्हती. २०२३ च्या 'प्रिसिला'मध्ये एल्विस प्रेस्ली आहे, त्याची गाणी नाहीत.

क्वीनच्या पिक्चरला ही अडचण आली नाही. गिटारिस्ट ब्रायन मे आणि रॉजर टेलर स्वतः त्यात सामील होते. बँडचे मॅनेजर जिम बीच निर्मात्यांपैकी एक होते. सुमारे ५ कोटी डॉलरमध्ये बनलेल्या पिक्चरने जगभरात ९० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. ४ ऑस्कर मिळाले, त्यातला एक रामी मलेकला. पण ज्याची गोष्ट, तो २४ नोव्हेंबर १९९१ ला गेलेला. त्याची बाजू मांडायला तो नव्हता.

पाचगणी कुठे गेली?

पिक्चर फ्रेडीला पहिल्यांदा तरुणपणी भेटतो तो १९७० च्या लंडनमध्ये. त्याआधीचा फारुख बुलसारा आपल्या साताऱ्यातला. झांझिबारमध्ये जन्मलेल्या या पारशी मुलाला घरच्यांनी आठेक वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. तिथेच तो पियानो शिकला, तिथेच 'फ्रेडी' झाला आणि मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. यातलं काहीच पडद्यावर दिसत नाही. जिथे क्वीन नव्हता, तिथे कॅमेराही गेला नाही.

मग परवानगी घेतलेला प्रत्येक पिक्चर खोटा?

नाही. २०१९ चा 'रॉकेटमॅन' एल्टन जॉनच्या सहभागाने बनला. तरीही त्याचं ड्रग्जचं व्यसन, चिडखोरपणा आणि समलैंगिक नातं, सगळं त्यात आहे. फरक असा की तिथे गोष्ट ज्याची होती, त्यानेच ती उघडी करायला होकार दिला होता.

आता एप्रिल २०२८ मध्ये बीटल्सवर एक नाही, चार पिक्चर येणार आहेत. दिग्दर्शक सॅम मेंडिस. गाणी आणि आयुष्य, दोन्हीसाठी पॉल मॅकार्टनी, रिंगो स्टार आणि दिवंगत दोघांच्या कुटुंबांनी परवानगी दिलेली आहे.

बघायला जा, गाणी मोठ्याने म्हणा. फक्त घरी आल्यावर शेवटची श्रेयनामावली आठवा. गाणी कुणी दिली, निर्मात्यांमध्ये कोण होतं आणि भांडणात दोष कुणाच्या माथी मारला? ज्याच्या माथी मारला तो आज हयात नसेल, तर ती गोष्ट खरी म्हणून शेअर करण्याआधी एकदा तारखा तपासा.