गायतोंड्यांच्या लेकीचे संशोधन

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या हैदराबादेतील दोन औषधी कारखान्यांची नावे जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली. एड्सच्या विषाणूपासून बचाव करणारे, वर्षातून दोनदाच टोचावयाचे लेनाकापाविर हे औषध २०२७ पासून गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांना माणशी वर्षाला सुमारे ४० डॉलरांत देण्याचे डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांनी जाहीर केले. वार्ता अभिमानाचीच आहे. परंतु औषध दुकानात येणे निराळे आणि ज्याला त्याची गरज आहे त्याने ते तोंड उघडून मागणे निराळे. त्या दोहोंच्या मध्ये लाज उभी असते. या लाजेशी तीस वर्षे झगडलेल्या एका बाईंची आठवण त्यामुळे झाली.

डॉ. सुनीती सॉलोमन हे नाव ऐकून त्या आपल्यातल्या असतील असे कोणाला वाटणार नाही. पण त्या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबातील आठ भावंडांत एकुलती एक मुलगी. मद्रास मेडिकल कॉलेजात शिक्षण झाले, हृदयशल्यविशारद व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी विवाह झाला, काही वर्षे परदेशांत गेली आणि १९७३ च्या सुमारास त्या परतल्या. पुढे त्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या.

एड्स हा परदेशी लोकांच्या स्वैराचाराचा रोग, आपली संस्कृती त्याला उंबऱ्याशीच अडवील, अशी तेव्हा भल्याभल्यांची समजूत होती. सुनीतीबाईंनी आपल्या विद्यार्थिनीला, डॉ. निर्मला यांना, प्रबंधासाठी नेमका हाच विषय दिला. सुधारगृहात ठेवलेल्या, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्त निर्मलाबाईंनी जमविले. हातमोजे नव्हते, रक्तद्रव वेगळा करण्यास धड प्रयोगशाळा नव्हती, नमुने राहिले घरच्या शीतकपाटात. मद्रासेत तपासणीची सोय नसल्याने फेब्रुवारी १९८६ मध्ये त्या पतीला बरोबर घेऊन रात्रीच्या गाडीने काटपाडीस आणि तेथून रिक्षाने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. दुपारी वीज गेली म्हणून मंडळी चहाला उठली. परतून झाकण उघडतात तो सहा नमुने पिवळे पडलेले! पिवळा रंग म्हणजे विषाणूचा पुरावा. एवढ्यावर विसंबून न राहता नमुने अमेरिकेतही तपासण्यात आले, आणि निष्कर्ष कायम राहिला.

मात्र रक्त कशासाठी घेतले जात आहे हे त्या स्त्रियांना सांगितले नव्हते. २०१७ चा कायदा आज संमतीवाचून अशी तपासणी करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. संशोधनाचे थोरपण सांगताना हे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

शोधानंतर सरकारांना प्रथम सुचली ती कोंडवाड्याची वाट. गोव्यात रक्तदान केलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला १९८९ साली ६४ दिवस क्षयरुग्णालयात डांबण्यात आले. रोग कोंडून ठेवता येत नाही, फक्त रोगी लपून बसतो, हे कळावयास आपल्याला वर्षे लागली.

आमच्या घरी दरबारी गाण्याची चाकरी होती. गाणाऱ्या बाईच्या दुखण्याविषयी वडीलधारी मंडळी दार लोटून कुजबुजत. तिच्याकडे जाणाऱ्या सरदाराच्या दुखण्याविषयी मात्र कुणी कुजबुजतही नसे. ही घरंदाज चाल किती महाग पडते ते पुण्यात दिसले. डॉ. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या, परंतु देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रिया होत्या. त्यांतील १३.६ टक्के विषाणुबाधित निघाल्या. बहुतेकींचा संबंध केवळ आपल्या नवऱ्याशी आलेला होता. मंगळसूत्राने रोग अडत नाही. नवऱ्याने आधी तपासून घेतले असते तर कदाचित अडला असता.

सुनीतीबाईंनी १९९३ मध्ये नोकरीची वाट सोडून वडिलांच्या नावे वाय. आर. गायतोंडे केंद्र काढले. इतर डॉक्टर ज्यांना स्पर्श करीत नसत ते रोगी तेथे येत. आरंभी यजमानांनाही हे काम रुचले नव्हते. या माणसांच्या कथा एकदा ऐका तरी, असे बाईंनी त्यांना सांगितले. याच केंद्राने आणि पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने पुढे नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवरील एका मोठ्या चाचणीत भाग घेतला. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केल्यास दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी टळतो, हे तिने २०११ मध्ये दाखविले. ज्याच्यावर नीट उपचार चालू आहेत त्याची भीती बाळगण्याचे कारण उरले नाही, असा याचा सरळ अर्थ. आपल्या सोयरिकींच्या बैठकीत तो अद्याप पोहोचलेला नाही.

सोयरिकींवरून सांगतो: बाई स्वतः लग्ने जुळवीत. स्थळे अर्थात दोन्ही बाजूंनी बाधित. पत्रिकेऐवजी रक्तातील पेशींची गणती पाहावयाची. बाकी जात, भाषा, शिक्षण, आईवडिलांच्या अटी सगळे नेहमीचेच! त्यांच्या या उद्योगावर पुढे एक अनुबोधपटही निघाला.

२८ जुलै २०१५ रोजी त्या वारल्या. २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. काटपाडीच्या गाडीने नमुने नेणाऱ्या निर्मलाबाई १९८७ साली प्रबंध सादर करून चेन्नईच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये लसींच्या कामाला लागल्या, आणि २०१० मध्ये तेथूनच निवृत्त झाल्या.