दिवसाची लाईट

सौरऊर्जेचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला: ‘रात्री काय करणार?’ विचारणाऱ्याचा थाट असा, की सूर्य मावळतो ही बातमी दिल्लीतल्या नियोजनकारांपर्यंत अजून पोचलेलीच नाही. पण रात्री वीज लागते कोणाला? घराला लागते, दवाखान्याला लागते, तीन पाळ्यांच्या कारखान्याला लागते. विहिरीवरच्या मोटरीला ती कधीच नको होती. रात्र तिच्या गळ्यात आपण मारली.

शेतीला थ्रीफेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, हा फेरा महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालत आला. गावं-शहरं झोपली की कोळशाची वीज उरते, ती शेताकडे ढकलायची, एवढाच हिशेब. मग पौषातल्या थंडीत रात्री एक वाजता माणूस बॅटरी आणि काठी घेऊन निघतो. स्टार्टरचं बटण दाबतो, गव्हाच्या चिखलात उतरून दारं धरतो. जुन्नरकडे शेजारच्या उसात बिबट्या असतो, इतर ठिकाणी बांधावर साप. अर्धं रान भिजतं आणि लाईट जाते.

हीच मोटर दिवसा चालवली तर ‘रात्री काय’ हा प्रश्न तिच्यापुरता संपतो. तिला बॅटरी लागत नाही. दुपारी उपसलेलं पाणी शेततळ्यात थांबतं, वाफ्यात मुरतं. केंद्राच्या २०१९च्या पीएम-कुसुम योजनेने शेतीचे फीडर सौर करायची वाट धरली. महाराष्ट्राने २०१७ सालीच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली होती. २०२३मध्ये तिचा दुसरा टप्पा निघाला: उपकेंद्राजवळ छोटे प्रकल्प, त्यांची वीज शेतीच्या फीडरला. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला असा ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४मध्ये सुरू झाला. माझ्या मते राष्ट्रीय नियोजनाने शिकायचं ते इथून. आधी गरज उन्हात आणा, मग मेगावॉट मोजा.

टाळ्या वाजवणाऱ्यांनाही थोडं ऐकवायला हवं. देशाची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म झाली, तीही २०३०च्या मुदतीआधी पाच वर्षं, हे खरं. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. सौर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीत क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास चालतो. प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. २०२२साठी १०० गिगावॉट सौर ठरले होते, त्यातले ४० छतांवर. छतं फारच मागे राहिली. आकडा फुगवायचा तर राजस्थानातल्या भडलासारखा एक अवाढव्य सौर पार्क हजारो गच्च्यांपेक्षा सोपा पडतो!

जमिनीचंही तेच. वीज स्वच्छ म्हणून तिच्या जागेचा प्रश्न आपोआप स्वच्छ होत नाही. मुळशीचं धरणही पाण्यावरच्या, बिनधुराच्या विजेसाठीच होतं. मुंबईला ती मिळावी म्हणून मावळातली भातखाचरं पाण्याखाली गेली आणि १९२१मध्ये सत्याग्रह उभा राहिला, ज्याने बापटांना सेनापती केलं. आज सौर वाहिनी योजनेत खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख मिळतात आणि सातबारा मालकाकडेच राहतो. चांगलं आहे. पण प्रकल्प गायरानावर गेला तर? तिथे मेंढरं चारणाऱ्याच्या नावावर सातबाराच नाही. त्याला भाडं कोण देणार?

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. दिवसाची फुकट लाईट बोअर आणखी खोल नेईल. आपल्याकडे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल २०२४पासून माफ आहे. अशा शेतकऱ्याला मोटर बंद करायला कारण काय उरतं? गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडीच्या शेतकऱ्यांनी २०१६पासून सौरपंपाची उरलेली वीज ग्रिडला विकून दाखवली. पाणी उपसलं नाही तर पैसे मिळतात, असा तो व्यवहार. फीडरवरही तो बसवता येईल: ठरलेल्या युनिटांपेक्षा कमी वापरले, तर वाचलेल्यांचे पैसे खात्यात. त्यासाठी पंपाला चालू मीटर लागेल, आणि आपल्या कित्येक पंपांना मुळात मीटरच नाही.